गणिताचा अभ्यासक्रम बदलताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मागील अंकात माध्यमिक शाळेतील गणिताच्या अभ्यासक्रमाविषयी एक लेख प्रसिद्ध झाला होता. घटकांची संख्या कमी करावी, परंतु कोणता घटक कोणत्या घटकाच्या आधाराने उभा आहे हे तपासल्याशिवाय एकही घटक वगळू नये, अशी भूमिका त्यात मांडली होती. त्यावर शिक्षक, पालक आणि विद्यार्थी यांची बरीच पत्रे आली. काहींनी सहमती कळवली, तर काहींनी स्पष्ट शब्दांत हरकत घेतली. अनेक पत्रांतून पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न येथे निवडले असून पत्रलेखकांची नावे न देता केवळ त्यांचा परिचय दिला आहे.

प्रश्न (एक पालक) : भाषा, विज्ञान, इतिहास यांची पुस्तके बदलतात, हे समजण्यासारखे आहे. गणितातली प्रमेये मात्र शतकानुशतके तीच आहेत. मग गणिताचा अभ्यासक्रम बदलण्याची गरज का पडते?

उत्तर : एकदा सिद्ध झालेले प्रमेय जुने होत नाही, हे आपले म्हणणे बरोबर आहे. अभ्यासक्रम ही मात्र गणिताच्या अफाट विस्तारातून केलेली एक निवड असते. ती विशिष्ट वयाच्या मुलांसाठी केलेली असते, मोजक्या तासिकांत बसवायची असते, आणि ती कोणासाठी व कशासाठी करायची याचे उत्तर काळाबरोबर बदलते. १९०१ मध्ये ग्लासगो येथे ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेच्या अधिवेशनात जॉन पेरी या अभियंत्याने युक्लिडची प्रमेये क्रमाने घोकून घेण्याच्या पद्धतीवर कठोर टीका केली आणि मोजमाप, आलेखकागद व प्रत्यक्ष कृती यांना शाळेत स्थान मिळावे असा आग्रह धरला. १९०५ मध्ये मेरान येथे मांडल्या गेलेल्या जर्मन आराखड्यामागे फेलिक्स क्लाइन या गणितज्ञांची प्रेरणा होती. एका राशीच्या बदलावर दुसरीचा बदल कसा अवलंबून असतो, ही फलनाची दृष्टी शालेय गणिताच्या केंद्रस्थानी असावी, असे त्या आराखड्याचे सांगणे होते. १९०८ मध्ये रोम येथे गणितशिक्षणासाठी आंतरराष्ट्रीय आयोग स्थापन झाला, त्याचे पहिले अध्यक्षही क्लाइनच होते. आज आलेख काढणे हा शालेय गणिताचा स्वाभाविक भाग वाटतो. तो तेथे आणण्यासाठी मात्र कोणीतरी जुन्या अभ्यासक्रमाशी वाद घालावा लागला होता.

दुसरे कारण साधनांचे आहे. जॉन नेपियर या स्कॉटिश गणितज्ञांनी १६१४ मध्ये लघुगणक (लॉगॅरिदम) प्रसिद्ध केले ते किचकट गुणाकार-भागाकारांचे श्रम वाचवण्यासाठी, आणि पुढे लघुगणकांच्या सारण्या पाहता येणे ही दीर्घकाळ खरोखरीची गरज होती. १९७२ मध्ये खिशात मावणारे पहिले वैज्ञानिक गणकयंत्र बाजारात आल्यावर काही वर्षांतच ती गरज संपली. तरीही भूकंपाची तीव्रता, आवाजाची पातळी किंवा द्रावणाची आम्लता मोजताना लघुगणकी मोजपट्टीच वापरली जाते. म्हणजे सारणी पाहण्याचे कौशल्य गेले, पण लघुगणकाची कल्पना टिकली आणि पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाची झाली. काय सोडायचे आणि काय राखायचे, याचा असा विवेक प्रत्येक पिढीला नव्याने करावा लागतो.

प्रश्न (एक माध्यमिक शिक्षिका) : अभ्यासक्रमाचे ओझे कमी करा, असे सर्वच जण म्हणतात. आम्हांला वर्षअखेरीस धडे अक्षरशः पळवावे लागतात, त्यामुळे मलाही ते पटते. परंतु नेमके काय वगळावे, हे कोणी सांगत नाही. आपण सांगाल का?

उत्तर : सांगण्याचा प्रयत्न करतो, कारण सगळ्या चर्चेचे मर्म याच प्रश्नात आहे.

ओझे कमी करण्याची सर्वांत सोपी आणि सर्वांत धोक्याची रीत म्हणजे पुस्तकातील पाने मोजून प्रत्येक विभागातील थोडा थोडा भाग कापणे. समजा, एखाद्या समितीने भूमितीचा भार हलका करण्यासाठी समरूप त्रिकोणांचे प्रकरण वगळले आणि त्रिकोणमिती मात्र उपयुक्त म्हणून कायम ठेवली. कागदावर एक प्रकरण कमी झाले. आता वर्गात काय होईल ते पाहा. शिक्षक ३० अंशांचा कोन असलेला काटकोन त्रिकोण काढतात. कर्ण १० सेंटीमीटर आहे आणि त्या कोनासमोरील बाजू ५ सेंटीमीटर भरते. दुसऱ्या त्रिकोणात कर्ण १४ आणि समोरची बाजू ७ सेंटीमीटर येते. दोन्हीकडे गुणोत्तर एक द्वितीयांश आहे, म्हणून ३० अंशांचा साइन एक द्वितीयांश, असे फळ्यावर लिहिले जाते. एखादी विद्यार्थिनी विचारते, “त्रिकोण कितीही मोठा घेतला तरी हे गुणोत्तर तेवढेच राहील, हे कशावरून?” या प्रश्नाचे उत्तर एकच आहे : ज्या दोन त्रिकोणांचे कोन समान असतात, त्यांच्या संगत बाजू प्रमाणात असतात. नेमके तेच प्रकरण वगळलेले असल्यामुळे शिक्षकांना “हे लक्षात ठेवा” असे म्हणण्यावाचून गत्यंतर उरत नाही. त्रिकोणमितीची सगळी इमारत त्या क्षणी पाठांतराची होऊन जाते.

हानी एवढ्यावरच थांबत नाही. सरळ रेषेवरील कोणतेही दोन बिंदू घेतले तरी तिचा चढ तोच का येतो, याचे कारणही समरूपताच आहे. पायथागोरसच्या प्रमेयाची अनेक पुस्तकांत दिलेली सिद्धता समरूप त्रिकोणांवरच बेतलेली असते, आणि निर्देशक भूमितीतील अंतराचे सूत्र त्या प्रमेयातून येते. त्याच्याही मागे जाऊन पाहिले तर समरूपता गुणोत्तर-प्रमाणावर उभी आहे आणि गुणोत्तर-प्रमाण अपूर्णांकांवर. ही साखळी ज्याच्या डोळ्यांसमोर आहे, तो समरूपतेला हात लावणार नाही.

अपूर्णांकांविषयीही हेच म्हणावे लागेल. हाती यंत्र असताना अपूर्णांकांच्या बेरजा हाताने कशाला करायच्या, असे अलीकडे वारंवार ऐकू येते. एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश यांची बेरीज करताना छेद समान का करावे लागतात, हे ज्याला उमगलेले नाही, तो पुढे १/अ + १/ब याचे उत्तर २/(अ + ब) असे निःशंकपणे लिहितो. बीजगणितात दिसणाऱ्या कित्येक चुका मुळात अंकगणितातील असतात आणि त्या केवळ उशिरा उघडकीला येतात.

मग काय वगळावे? माझ्या मते भागाकार पद्धतीने वर्गमूळ काढण्याचा दीर्घ सराव, सारण्यांवर आधारलेली आकडेमोड, एकाच उदाहरणापुरत्या चालणाऱ्या अवयव पाडण्याच्या युक्त्या, आणि त्रिकोणमितीय नित्यसमानतांची न संपणारी उदाहरणे यांना निरोप देता येईल. यांच्यावर पुढचे फारसे काही अवलंबून नाही. वर्गमूळ म्हणजे काय आणि ५० चे वर्गमूळ ७ पेक्षा किंचित मोठे का असले पाहिजे, हे मात्र विद्यार्थ्याला यंत्राशिवाय सांगता आलेच पाहिजे. नित्यसमानतांतील दोन-तीन मूलभूत नीट समजल्या की उरलेल्या पन्नास न सोडवल्याने कोणाचे काही अडत नाही.

एक ऐतिहासिक उदाहरणही विचारात घेण्याजोगे आहे. जपानमध्ये २००२ पासून प्राथमिक व कनिष्ठ माध्यमिक स्तरांवरील आशय सुमारे ३० टक्क्यांनी कमी करण्यात आला. मुलांना मोकळा वेळ मिळावा आणि त्यांनी स्वतः विचार करावा, हा त्यामागील हेतू प्रामाणिक होता. त्या कपातीत वर्गसमीकरण सोडवण्याचे सर्वसाधारण सूत्र कनिष्ठ माध्यमिक स्तरातून निघून वरच्या शाळेत गेले, म्हणजे वर्गसमीकरण खाली राहिले आणि त्याची पूर्ण उकल वर गेली. पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीत जपानचे गणितातील सरासरी गुण २००० मध्ये ५५७ होते, ते २००३ मध्ये ५३४ झाले. दोन्ही चाचण्यांची व्याप्ती सारखी नव्हती, तसेच २००३ मध्ये तपासलेली मुले बहुतांश जुन्याच अभ्यासक्रमात वाढलेली होती, त्यामुळे सारा दोष कपातीवर टाकणे अन्यायाचे ठरेल. तरीही देशभर चिंतेचे वातावरण निर्माण झाले, २००८ मध्ये अभ्यासक्रम पुन्हा ठरवण्यात आला आणि वगळलेले सूत्र परत आले. कपात करूच नये, असा याचा अर्थ मी घेत नाही. टक्केवारी आधी ठरवून मग घटक शोधण्याचा क्रम उलटा आहे, इतकेच मला म्हणायचे आहे.

प्रश्न (एक निवृत्त शिक्षक) : भूमितीतील सिद्धता विद्यार्थी समजून न घेता पाठ करतात आणि परीक्षेत उतरवून काढतात. आकृतीतील अक्षरे बदलली तरी त्यांना लिहिता येत नाही. असे असेल तर सिद्धता अभ्यासक्रमातून काढून टाकणेच अधिक प्रामाणिकपणाचे नाही का?

उत्तर : आपण वर्णन केलेली स्थिती खरी आहे आणि ती पाहून आपल्याला होणारी व्यथा पत्रातून जाणवते. परंतु सिद्धता काढून टाकली, तर गणित आणि सूत्रसंग्रह यांत काही अंतरच राहणार नाही. खरी अडचण अशी आहे की सिद्धता फक्त भूमितीच्या एका प्रकरणात, एका ठरावीक मांडणीत आणि ठरावीक प्रमेयांच्या यादीत बंदिस्त झाली आहे. यादी ठरलेली असली की पाठांतर अपरिहार्य होते.

सिद्धतेची गरज मुलांना आधी वाटली पाहिजे. त्यासाठी एक उदाहरण वर्गात करून पाहण्यासारखे आहे. क्ष² + क्ष + ४१ ही राशी घ्या आणि क्षच्या जागी ०, १, २, ३ अशा संख्या ठेवत चला. ४१, ४३, ४७, ५३ अशा मूळ संख्या मिळत जातात. ऑयलर यांच्या नावाने ओळखली जाणारी ही राशी क्ष ३९ होईपर्यंत प्रत्येक वेळी मूळ संख्याच देते. सलग चाळीस वेळा खरे ठरलेले विधान नेहमीच खरे असणार, असे वर्गातील जवळजवळ प्रत्येकाला वाटते. मग क्षची किंमत ४० घ्यावी. १६०० + ४० + ४१ म्हणजे १६८१ आणि १६८१ म्हणजे ४१ गुणिले ४१. ही संख्या मूळ नाही. चाळीस उदाहरणे जे सांगू शकली नाहीत ते सांगण्यासाठी युक्तिवाद लागतो, हे मुलांना यापेक्षा परिणामकारकपणे दाखवणारे उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

यानंतर दोन विषम संख्यांची बेरीज सम असते, हे विधान घ्यावे. एक विषम संख्या २अ + १ आणि दुसरी २ब + १ मानली, तर बेरीज २(अ + ब + १) येते आणि ती सम आहे. ही तीन ओळींची सिद्धता बीजगणिताच्या तासाला करता येते, तिला आकृती लागत नाही, आणि अक्षरांचा उपयोग “सर्व संख्यांविषयी एकदम बोलण्यासाठी” होतो ही बीजगणितातील सर्वांत मोलाची गोष्ट तीतून आपोआप शिकवली जाते. पाठ करायच्या प्रमेयांची संख्या निम्म्यावर आणावी, परंतु “हे का?” हा प्रश्न प्रत्येक प्रकरणात यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. परीक्षेत ठरलेल्या प्रमेयाऐवजी एक छोटे अपरिचित विधान द्यावे आणि ते खरे की खोटे हे सकारण लिहायला सांगावे. सुरुवातीला उत्तरे तुटक येतील, आणि त्यांना उदार हाताने गुण द्यावे लागतील.

प्रश्न (गणिताचे एक प्राध्यापक) : विसाव्या शतकात “नवे गणित” या नावाने मोठी चळवळ झाली आणि ती फसली. आजच्या सुधारकांना त्या अपयशाचा विसर पडला आहे, असे आपल्याला वाटत नाही का?

उत्तर : विसर पडला असेल, तर तो महागात पडेल. ज्या वाचकांना हा इतिहास परिचित नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ऑक्टोबर १९५७ मध्ये सोव्हिएत संघाने स्पुटनिक हा उपग्रह सोडल्यावर पाश्चात्त्य देशांना आपले विज्ञान व गणिताचे शिक्षण मागे पडल्याची भीती वाटू लागली. अमेरिकेत १९५८ मध्ये एडवर्ड बेगल यांच्या नेतृत्वाखाली शालेय गणितासाठी एक अभ्यासगट स्थापन झाला आणि त्याने झपाट्याने नवी पाठ्यपुस्तके तयार केली. १९५९ मध्ये फ्रान्समधील रोयोमाँ येथील परिसंवादात ज्याँ द्यूदोने या मोठ्या गणितज्ञांनी युक्लिडला शाळेतून हद्दपार करण्याची हाक दिली. पुढे फ्रान्समध्ये लिश्नेरोविच यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने त्याच दिशेने अभ्यासक्रम घडवला. लहान वयातील मुलांना संच, संबंध, दहाखेरीज इतर पायांवरील संख्यालेखन, संख्यांचे अमूर्त गुणधर्म असे बरेच काही शिकवले जाऊ लागले. १९७० च्या दशकात पालक, शिक्षक आणि खुद्द कित्येक गणितज्ञ यांचा विरोध वाढत गेला आणि “मूलभूत गोष्टींकडे परत चला” अशी मागणी जोर धरू लागली.

या चळवळीचा हेतू मला आजही आदरणीय वाटतो. कृतीमागील कारण मुलांना कळावे, हीच तिची मूळ तळमळ होती. चुकला तो क्रम. अनेक उदाहरणे हाताळून झाल्यावर त्यांतील समान रचना गणितज्ञाच्या लक्षात येते आणि तिला तो अमूर्त रूप देतो. शाळेत मात्र ते अमूर्त रूपच आधी ठेवले गेले, आणि ज्या उदाहरणांतून ते जन्माला आले त्यांची ओळख मुलांना झालेलीच नव्हती. हान्स फ्रॉइडेंथाल या डच गणितज्ञांनी हा आक्षेप फार नेमकेपणाने मांडला आणि मुलांनी परिस्थितीकडून गणिताकडे स्वतः चालत यावे, या विचाराभोवती नेदरलँड्समध्ये अभ्यासक्रम उभा राहिला.

दुसरी चूक अंमलबजावणीची होती. ज्या शिक्षकांनी हा आशय स्वतः कधी शिकला नव्हता, त्यांना अल्पमुदतीच्या वर्गांत तो उरकून वर्गावर पाठवण्यात आले. संचाची चिन्हे शिकवली गेली, पण त्या चिन्हांनी करायचे काय, हे शिक्षकांनाच सांगितले गेले नव्हते. आज संगणकीय विचार, विदाविज्ञान (डेटा सायन्स) अशी नवी नावे घेऊन येणाऱ्या प्रत्येक सुधारणेला हाच प्रश्न प्रथम विचारला पाहिजे : शिकवणाऱ्याला तयारीसाठी किती काळ दिला आहे?

प्रश्न (एक विद्यार्थी) : संगणकाचे प्रोग्रॅमिंग शिकलो, तर बीजगणित वेगळे शिकावे लागेल का?

उत्तर : लागेल. प्रोग्रॅममध्ये “क्ष = क्ष + १” ही ओळ अगदी योग्य आहे, कारण तेथे बरोबरचे चिन्ह “क्षमध्ये एक मिळव आणि उत्तर पुन्हा क्षमध्ये ठेव” अशी आज्ञा देते. बीजगणितात तीच ओळ कोणत्याही संख्येसाठी खरी ठरू शकत नाही. दोन्ही भाषा शिकाव्यात, आणि त्यांतील हा भेद ओळखता आला की दोन्ही अधिक पक्क्या होतात. बीजगणिताच्या तासिका कमी करून तेथे प्रोग्रॅमिंग बसवण्याला मात्र माझा विरोध आहे.

प्रश्न (एक पालक) : सांख्यिकीचे महत्त्व वाढवावे असे आपण लिहिले होते. मध्य, मध्यक, बहुलक तर आजही शिकवले जातात. आणखी काय हवे?

उत्तर : शिकवली जाते ती आकडेमोड. समजा, सात विद्यार्थ्यांना शाळेत पोहोचायला अनुक्रमे १०, १२, १२, १५, १६, १८ आणि ८५ मिनिटे लागतात. एकूण १६८ मिनिटे, म्हणून मध्य २४ मिनिटे. येथे सध्याचा प्रश्न संपतो आणि पूर्ण गुण मिळतात. परंतु सातांपैकी सहा जणांना २४ मिनिटांहून कमी वेळ लागतो. मग “सरासरी वेळ २४ मिनिटे” या वाक्याने कोणाचे वर्णन झाले? मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी किंमत, १५ मिनिटे आहे आणि तो बहुतेकांची स्थिती अधिक चांगली सांगतो. मात्र मध्यकाकडे पाहणाऱ्याला ८५ मिनिटे प्रवास करणारे मूल दिसतच नाही, आणि शाळेच्या वाहनाची सोय ठरवताना नेमके तेच मूल महत्त्वाचे असते. कोणत्या प्रश्नासाठी कोणते माप वापरावे, याचा निर्णय विद्यार्थ्याने कारण देऊन करावा, हे मला अपेक्षित आहे. यासाठी नवी सूत्रे लागत नाहीत. चर्चेला वेळ लागतो, आणि तो वर सांगितलेल्या कपातीतून मिळू शकतो.

प्रश्न (एक मुख्याध्यापक) : एकाच वर्गात काही मुले फार पुढे असतात, काहींना मागील इयत्तांचेही येत नाही. सोपे गणित आणि कठीण गणित असे दोन स्वतंत्र अभ्यासक्रम का करू नयेत?

उत्तर : आपण म्हणता ती दरी काल्पनिक नाही. इंग्लंडमधील कॉक्रॉफ्ट समितीच्या १९८२ च्या अहवालात तिचे बोलके उदाहरण दिले आहे. ६३९९ पेक्षा एकने मोठी असलेली संख्या लिहिणे सर्वसाधारण मुलाला अकराव्या वर्षी जमते, परंतु काही मुलांना ते सातव्या वर्षीच येते आणि काहींना चौदाव्या वर्षीही येत नाही. म्हणजे एका साध्या स्थानिक किमतीच्या कल्पनेत सात वर्षांचे अंतर पडते.

तरीही बारा-तेरा वर्षांच्या वयात मुलांचे दोन मार्ग करणे मला योग्य वाटत नाही. त्या वयात जे “येत नाही” असे दिसते, त्यात घरची परिस्थिती, बुडालेली शाळा आणि आधीच्या इयत्तेत न भरून निघालेल्या उणिवा यांचा वाटा मोठा असतो. लवकर विभागणी करणाऱ्या देशांत निकालांवर घरच्या परिस्थितीचा प्रभाव अधिक आढळतो, असे पिसाच्या अहवालांतूनही पुढे आले आहे. पोलंडने १९९९ च्या सुधारणेत ही विभागणी एका वर्षाने पुढे ढकलली आणि त्यानंतर तेथील निकाल सुधारत गेले, अर्थात त्या सुधारणेत इतर बदलही होतेच. माध्यमिक शाळेच्या शेवटच्या एक-दोन वर्षांत निवड द्यायला हरकत नाही. ती देताना सोपा अभ्यासक्रम घेणाऱ्याला पुढे मार्ग बदलता येईल अशी वाट अभ्यासक्रमातच आखलेली असावी. नंतर बघू, असे म्हणून ती कधीच तयार होत नाही.

प्रश्न (एक पालक) : आमची मुलगी नेमकी बदलाच्या वर्षात सापडली आहे. तिचे नुकसान होऊ नये म्हणून काय पाहावे?

उत्तर : सर्व इयत्तांचा अभ्यासक्रम एकाच वर्षी बदलला, तर एक विशिष्ट तोटा होतो. समजा, एखादे प्रकरण जुन्या पद्धतीत नववीला होते आणि नव्या पद्धतीत आठवीला आणले गेले. जी मुले आठवी जुन्या अभ्यासक्रमाने उत्तीर्ण होऊन नववीत नवा अभ्यासक्रम शिकू लागतात, त्यांना ते प्रकरण कोठेच भेटत नाही. दहावीत मात्र ते शिकून झालेले आहे असे गृहीत धरले जाते. उलट जे प्रकरण वरच्या इयत्तेत गेले, ते त्यांना दोनदा शिकावे लागते. दोन्ही पुस्तकांच्या अनुक्रमणिका शेजारी ठेवून अशी निसटलेली प्रकरणे शोधावीत आणि ती शाळेच्या नजरेस आणावीत. हे काम खरे तर अभ्यासक्रम मंडळाचे आहे, आणि प्रत्येक बदलाबरोबर मधल्या तुकडीसाठी एक छोटी जोडपुस्तिका निघालीच पाहिजे. दरवर्षी एकेक इयत्ता बदलत वर जाणे हा याहून चांगला मार्ग आहे. तो संथ असल्यामुळे घाई असलेल्यांना आवडत नाही, परंतु त्यात कोणत्याही मुलाच्या शिकण्यात खिंडार पडत नाही.

प्रश्न (एक माध्यमिक शिक्षक) : पुस्तक कितीही बदला, आम्ही शेवटी परीक्षेत येईल तेच शिकवतो. मग या साऱ्या चर्चेचा उपयोग काय?

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे आणि त्यात शिक्षकांचा दोष मानण्याचे कारण नाही. कागदावर ठरवलेला, वर्गात प्रत्यक्ष शिकवला जाणारा आणि विद्यार्थ्याच्या पदरात पडणारा असे अभ्यासक्रमाचे तीन स्तर अभ्यासक मानतात. पहिल्या दोहोंमध्ये प्रश्नपत्रिका उभी असते. म्हणून नवे पुस्तक येण्याआधी किमान एक वर्ष नमुना प्रश्नपत्रिका शिक्षकांच्या हाती पडल्या पाहिजेत, त्यांसोबत खऱ्या विद्यार्थ्यांनी लिहिलेली उत्तरे आणि ती कशी तपासावीत याची टिपणे असली पाहिजेत.

अशा प्रश्नपत्रिकेत काय असावे, याचा एक नमुना देतो. “क्ष² – ५क्ष + ६ = ० हे समीकरण सोडवा” या प्रश्नाला २ आणि ३ ही उत्तरे येतात. रीत पाठ असली की ती येतात, आणि असा प्रश्न असावाही. त्याच्या जोडीला असा प्रश्न विचारता येईल : “२ आणि ३ ही मुळे असलेली तीन वेगवेगळी वर्गसमीकरणे लिहा. त्यांच्या डाव्या बाजूंचे आलेख काढल्यास त्यांत काय समान असेल आणि काय वेगळे असेल, ते सांगा.” विद्यार्थ्याला आधी हे उमजावे लागते की सगळ्या पदांना एकाच शून्येतर संख्येने गुणले तर मुळे बदलत नाहीत. मग तो २क्ष² – १०क्ष + १२ = ० लिहितो, आणि थोडा धीट असेल तर –क्ष² + ५क्ष – ६ = ० हेही लिहितो. तिन्ही वक्र क्ष-अक्षाला त्याच दोन बिंदूंत छेदतात आणि तिन्हींचा सममितीचा अक्ष अडीचवरच येतो. दुसरा वक्र अधिक उभट आणि अधिक खोल असतो, तर तिसरा खाली तोंड करतो. या एका प्रश्नात अवयव, आलेख आणि फलन एकत्र येतात आणि त्याला कोणतेही जास्तीचे प्रकरण लागत नाही.

असा प्रश्न तपासायला वेळ लागतो, हा आपला पुढचा आक्षेप असेल आणि तो रास्त आहे. एका परीक्षकाकडे दिल्या जाणाऱ्या उत्तरपत्रिकांची संख्या त्यासाठी कमी करावी लागेल, आणि त्याचा खर्च अभ्यासक्रमबदलाच्या अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरावा लागेल. ज्या प्रस्तावात नव्या पुस्तकांच्या छपाईचा खर्च आहे, परंतु परीक्षकांच्या आणि शिक्षकांच्या तयारीचा नाही, त्याला शिक्षक संघटनांनी आणि पालकांनी मंजुरीपूर्वीच लेखी हरकत घ्यावी.